हिज्कीयाची पंधरा वर्षे

शास्त्रपाठ : २ राजे, अध्याय २०, यशया, अध्याय ३८ व ३९



आरमोरीच्या आसमंतातील एका लहान वस्तीत आमच्या मंडळीचे एक वडील राहतात. त्यांचे वय सत्तरीच्या घरात आहे. त्यांचे नाव आम्ही येथे देत नाही. तशी त्यांचीच इच्छा आहे, आणि तिचे कारण पुढे कळून येईल. गेल्या नोव्हेंबराच्या आरंभी त्यांच्या छातीत, डाव्या बाजूस गळ्याच्या हाडाखाली, पेसमेकर नावाचे यंत्र बसविण्यात आले. नागपुराहून ते परत आल्यावर आठ दिवसांनी आम्ही त्यांच्या भेटीस गेलो, तो ते ओसरीत खाटेवर बसलेले होते, आणि उजवा हात छातीवरील त्या लहानशा उंचवट्यावर ठेविलेला होता. कुशल विचारून झाल्यावर आम्ही म्हणालो, "बाबा, आजची प्रार्थना तुम्हीच करा." ते पुष्कळ वेळ उगीच राहिले. मग म्हणाले, "पाळकसाहेब, बाप्तिस्म्याच्या दिवशी मी माझे हृदय प्रभूला दिले. आता त्या हृदयात माणसांनी तार घातली आहे. ते दान अजून चालते काय?"

ह्या प्रश्नाचे उत्तर त्या दिवशी आम्हांस देता आले नाही. सेमिनरीत आम्ही जी पुस्तके अभ्यासिली त्यांत तो कोठे आलेला नव्हता. मग आम्ही आठवड्यातून एकदा त्यांच्याकडे जात राहिलो, आणि हिज्कीया राजाच्या दुखण्याचा वृत्तांत दोघे मिळून वाचीत राहिलो. आजचा हा उपदेश त्या ओसरीतील वाचनातूनच निघाला आहे, आणि त्यातील बरेचसे आम्ही शिकविलेले नसून आम्हांस शिकावे लागलेले आहे.

प्रथम आमचा दोष सांगणे प्राप्त आहे. जुलै महिन्यात रोवणी चालली असता हे वडील बांधीतील चिखलात एकाएकी कोसळले. रोवणीच्या बायांनी त्यांना धुऱ्यावर आणून निजविले. घटकाभराने ते उठून बसले, तेव्हा उपाशी पोटी काम केल्याने भोवळ आली असे म्हणून सर्वांनी ती गोष्ट सोडून दिली. दुसऱ्या वेळी ते उपासनेची घंटा वाजविताना पडले. आता मात्र वस्तीत कुजबूज सुरू झाली. कोणी म्हणाले बाहेरची बाधा आहे, कोणी म्हणाले पलीकडच्या गावच्या पुजाऱ्याला दाखवा. वडिलांनी त्यास साफ नकार दिला व आम्हांस निरोप पाठविला. आम्ही गेलो, याकोबाच्या पत्राच्या पाचव्या अध्यायात सांगितल्याप्रमाणे तेल लावून प्रार्थना केली, आणि समाधानाने घरी परतलो. आपला मनुष्य पुजाऱ्याकडे गेला नाही, ह्यातच आम्ही धन्यता मानिली. त्याला वैद्याकडे पाठविले पाहिजे, हे आम्हांस सुचले नाही.

तिसऱ्या वेळी ते विहिरीच्या कठड्यापाशी पडले व कपाळ फुटले. जखम बांधावयास गावची आशा सेविका आली. ही बाई आमच्या मंडळीची नव्हे. तिने जखम बांधली, परंतु तेवढ्यावर ती थांबली नाही. तिने त्यांचे मनगट हाती घेतले व घड्याळाकडे पाहत पुरा एक मिनिट नाडी मोजिली. चौतीस ठोके भरले. निरोगी मनुष्याचे हृदय स्वस्थ बसले असता मिनिटाला साठ ते शंभर वेळा चालते. ती बाई स्वतः गाडीत बसून त्यांना आरमोरीच्या सरकारी दवाखान्यात घेऊन गेली. तेथे हृदयाचा आलेख काढण्यात आला आणि त्याच रात्री त्यांना नागपुराकडे रवाना करण्यात आले.

दयाळू शोमरोन्याच्या दाखल्यावर आम्ही आजवर किती उपदेश केले असतील, त्याची गणती नाही. त्यातील याजक व लेवी बाजूने निघून गेले, म्हणून आम्ही त्यांना नेहमी दूषण देत आलो. आम्ही तर निघून गेलो नव्हतो. थांबलो होतो, प्रार्थनाही केली होती. तरी मनगट हाती घेतले ते दुसरीनेच. हे लिहिताना आम्हांस संकोच वाटतो. तथापि आमचे उपदेशक बंधू हे पत्र वाचितात, व त्यांच्यापैकी कोणाच्या वस्तीत उद्या कोणी असाच पडेल, म्हणून लिहीत आहो.

आता हिज्कीयाकडे वळू. तो मरणाच्या दुखण्याने पडला असता त्याने भिंतीकडे तोंड फिरवून प्रार्थना केली व तो रडला. यशया संदेष्टा मधल्या चौकातून बाहेर पडला नाही तोच परमेश्वराने त्याला मागे फिरविले आणि राजाचे आयुष्य पंधरा वर्षांनी वाढविल्याचे सांगावयास पाठविले. येथवरची कथा सर्वांस पाठ आहे. परंतु त्यापुढचे एक वाक्य आपण घाईने वाचून जातो. अभिवचन देऊन झाल्यावर यशयाने अंजिरांची ढेप आणावयास सांगितले, ती गळवावर बांधण्यात आली, आणि राजा बरा झाला. देवाने वचन दिलेच होते, तर अंजीर कशाला? ज्याच्या शब्दाने सूर्याची छाया दहा पायऱ्या मागे हटली, त्याला फळांच्या लेपाची गरज ती काय? त्याला गरज नव्हतीच. तथापि बरे करण्याचा आपला मार्ग त्याने त्या अंजिरांवरून नेला, आणि ते दळून, कालवून, बांधण्याचे काम माणसांच्या हाती ठेविले.

काही बंधू येथे आसा राजाचे उदाहरण पुढे करितात. पायांचा रोग झाला असता तो परमेश्वराला शरण न जाता वैद्यांना शरण गेला, असे दुसऱ्या इतिहासाच्या सोळाव्या अध्यायात आहे खरे. परंतु त्याला दोष लागला तो परमेश्वराला सोडल्याबद्दल. वैद्य बोलाविल्याबद्दल नव्हे. तसे असते तर पौलाने लूकाला वैद्य म्हणून इतक्या ममतेने उल्लेखिले नसते, व तीमथ्याला पोटाच्या दुखण्यासाठी थोडासा द्राक्षारस घेण्याचा सल्लाही दिला नसता. (ह्या शेवटल्या वचनाच्या आधारावर मोहाची दारू घेणारे एक गृहस्थ आम्हांस ठाऊक आहेत. त्यांचे पोट कधी दुखल्याचे मात्र आम्ही ऐकिले नाही.)

मग हे यंत्र म्हणजे काय? ह्याविषयी आमच्या खेड्यांत इतक्या विपरीत समजुती आहेत की थोडे विस्ताराने सांगणे अवश्य आहे. देवाने हृदयाच्या वरच्या उजव्या कप्प्यात एक सूक्ष्म स्थान निर्मिले आहे. तेथून विजेची अतिशय मंद लहर निघते, ती खालच्या कप्प्यांकडे जाते, आणि तिच्या इशाऱ्याने हृदय आकुंचन पावते. दिवसाकाठी हे सुमारे एक लाख वेळा घडते. काहींच्या हृदयात वयोमानाने किंवा रोगाने ह्या लहरीची वाट मध्येच बंद पडते. वरचा कप्पा निरोप धाडीत असतो, खालच्याला तो पोचत नाही. खालचा मग आपल्याच मंद गतीने कसाबसा चालतो, मेंदूला रक्त अपुरे पडते, आणि मनुष्य भोवळ येऊन पडतो. ह्यावर औषधाची गोळी सहसा पुरी पडत नाही. तेव्हा कातडीखाली एक चपटी डबी ठेवितात. ती टायटेनियम धातूची असून वजनाने दोन-तीन तोळ्यांहून अधिक नसते. तिच्यात लिथियमची बॅटरी असते. डबीपासून एक किंवा दोन बारीक तारा शिरेतून हृदयापर्यंत नेतात. छाती फाडावी लागत नाही. बहुतेकांना पूर्ण बेशुद्ध करण्याचीही गरज पडत नाही. तेवढी जागा बधिर करून काम होते.

हे यंत्र हृदय चालवीत नाही, हे नीट ध्यानात घ्यावे. ते हृदयाच्या ठोक्याची वाट पाहते. ठोका वेळेवर पडला तर ते स्वस्थ राहते. न पडला तरच इशारा देते. चालावयाचे ते हृदयानेच. म्हणून "यंत्र आहे, आता ह्याला मरण येणार नाही, जीव अडकून राहील," असे जे वस्तीतील बायांनी वडिलांच्या पत्नीस सांगितले, ते निराधार आहे. देवाने ठरविलेली घटका आली म्हणजे हृदयाचे मांस इशाऱ्यास ओ देत नाही, व यंत्राचे काही चालत नाही.

अशा प्रकारचे यंत्र मनुष्याच्या शरीरात प्रथम बसविले गेले ते १९५८ सालच्या ऑक्टोबर महिन्याच्या ८ तारखेस, स्वीडन देशाच्या स्टॉकहोम नगरात. रोग्याचे नाव आर्ने लार्सन. त्यांना दिवसातून अनेक वेळा भोवळ येई व दर वेळी प्राण जातो की काय असे होई. त्यांच्या पत्नीने शस्त्रवैद्य ओके सेनिंग व यंत्रकार रूने एल्मक्विस्ट ह्यांच्यामागे तगादा लाविला. असे यंत्र अजून तयार नाही, असे ते सांगत असता तिने ऐकिले नाही. लूकाच्या अठराव्या अध्यायातील विधवेची आठवण व्हावी, असाच तो आग्रह होता. यंत्र ओतण्यासाठी बूटपॉलिशच्या डबीचा साचा केला होता. पहिले यंत्र काही तासांतच बंद पडले. मग दुसरे बसविले. पुढे आयुष्यभरात लार्सन ह्यांना एकंदर २६ यंत्रे बसवावी लागली. ते २००१ साली, ८६ वर्षांचे होऊन, हृदयाच्या नव्हे तर दुसऱ्याच रोगाने वारले. तोवर त्यांचे यंत्र करणारा १९९६ साली व शस्त्रक्रिया करणारा २००० साली निवर्तला होता. ज्याची घटका भरली असे सर्वांस वाटले, तोच दोघांच्या मागे राहिला.

हे सर्व आम्ही वडिलांना सांगितले. त्यांनी लक्षपूर्वक ऐकिले, व अखेरीस नम्रपणे म्हणाले, "हे समजले. पण मी विचारले होते ते दुसरेच." ते खरेच होते.

त्यांच्या प्रश्नाचे मूळ कोठे आहे, हे उलगडावयास आम्हांस दोन आठवडे लागले. हे वडील तरुणपणी प्रभूकडे आले, आणि साक्षर झाले तेच पवित्र शास्त्र वाचण्यासाठी. लेवीय पुस्तक आमच्यापैकी बहुतेक जण टाळून पुढे जातात. त्यांनी ते अक्षर अन् अक्षर वाचिले आहे. त्याच्या बाविसाव्या अध्यायात, व्यंग असलेला पशू वेदीवर अर्पू नये, असा नियम आहे. आंधळा, मोडलेला, जखमी, ह्यांपैकी काही चालत नसे. पन्नास वर्षांपूर्वी आपण अर्पिले ते धडधाकट हृदय होते, आता ते व्यंगाचे झाले, असा त्यांचा हिशेब होता. म्हणून ते प्रार्थना करीत नव्हते. आम्हांस वाटले होते की ते अशक्तपणामुळे गप्प आहेत.

ह्यावर पहिली गोष्ट सांगावयाची ती ही की, शास्त्रात हृदय म्हणतात ते मुठीएवढे मांस नव्हे. इब्री लोक हृदय ह्या शब्दाने मनुष्याचा विचार, निश्चय, इच्छा हे सारे दर्शवीत असत. इतकेच नव्हे तर भावनांचे स्थान म्हणून ते मूत्रपिंडांचाही उल्लेख करीत. म्हणून मुतखडा झालेल्याला पश्चात्ताप करिता येत नाही, असे कोणी म्हणत नाही! आपण मराठीतही धीराला काळीज म्हणतो, आणि खाटकाच्या दुकानी कलेजी म्हणून जे मिळते ते यकृत असते. यहेज्केलाच्या छत्तिसाव्या अध्यायात देव दगडाचे हृदय काढून मांसाचे देण्याचे वचन देतो. ती शस्त्रक्रिया नागपुरास किंवा स्टॉकहोमास व्हावयाची नाही. तुम्ही बाप्तिस्म्याच्या दिवशी दिले ते तुमचे स्वामित्व. त्याला तार लागलेली नाही.

हे उत्तर बरोबर आहे, परंतु आमच्या वडिलांचे त्याने पुरते समाधान झाले नाही, आणि ते न झाले हे बरेच झाले. कारण पौल रोमकरांस लिहितो तेव्हा शरीरेही अर्पावयास सांगतो. शरीर वगळून केवळ मन द्यावे, असा आपला धर्म नाही. मग हे शरीर, ज्यात टाका आहे, धातू आहे, तार आहे, त्याचे काय?

तेव्हा योहानाच्या विसाव्या अध्यायाकडे आलो. प्रभू मरणातून उठला तो गौरवी शरीराने उठला. ज्या सामर्थ्याने त्याला उठविले, त्या सामर्थ्याला हातांचे व्रण बुजविणे जड नव्हते. तरी ते व्रण राहिले. माणसांनी लोखंड ठोकले त्याची खूण हातांत राहिली, भाल्याची खूण कुशीत राहिली, आणि थोमाला तो तीच दाखवितो. जे अर्पण पित्याने एकदाच व सर्वांसाठी स्वीकारिले, त्या अर्पणावर माणसांच्या हातच्या खुणा आहेत. वेदीवरच्या पशूचा नियम जेथे पूर्ण झाला, तेथेच तो असा पूर्ण झाला. आता ज्याच्या कुशीत व्रण आहे तो तुमच्या छातीवरील टाका पाहून दान परत करील काय?

वडिलांनी ह्यावर काही उत्तर दिले नाही. डोळ्यांवरून पंचा फिरविला, आणि ओसरीत बसल्याबसल्याच प्रार्थना केली. ती लहान होती. तीत त्यांनी त्या आशा सेविकेचे नाव घेऊन आशीर्वाद मागितला.

परंतु एका प्रार्थनेने रोजचे दिवस सोपे होत नाहीत. धानाची कापणी ऐन भरात, घरी मजूर मिळेना, आणि ह्या मनुष्याला सहा आठवडे डावा हात खांद्याच्या वर उचलावयाची व ओझे वाहण्याची मनाई. शेजारचे लोक भारे बांधीत आहेत आणि आपण खाटेवरून पाहत आहो, हे त्यांना दुखण्यापेक्षा अधिक लागले. रात्री झोप लागेना. हात सारखा नाडीवर जाई. दोन वेळा त्यांनी पत्नीस उठवून, "बंद तर पडले नाही ना?" म्हणून विचारिले. धीट मनुष्याला असे भय वाटते ते विश्वास उणा झाला म्हणून नव्हे. मरणाच्या दारापर्यंत जाऊन आलेल्याला अंगणातला आवाजही मोठा वाटतो. हिज्कीयासुद्धा बरा होण्यापूर्वी रडला आणि बरा झाल्यावर त्याने आपल्या भयाचे वर्णन लिहून ठेविले. यशयाच्या अडतिसाव्या अध्यायात ते आहे. अशा माणसाला, "विश्वास धरा, भिऊ नका," एवढे सांगून जो उपदेशक उठतो, त्याने आणखी घटकाभर बसावे.

घरच्यांचे भय निराळेच असते. वडिलांच्या पत्नीने रात्री विजेचा दिवा लावणे बंद केले होते व दोन वर्षांच्या नातवाला आजोबांच्या मांडीवर बसू देत नव्हत्या. लेकराला झटका बसेल असे त्यांना वाटे. आम्ही डॉक्टरांना विचारून आलो व त्यांना सांगितले, ते येथेही लिहितो. दिवा, पंखा, रेडिओ, दूरदर्शन ह्यांपासून भय नाही. शेतातील पंपाच्या मोटारीपासून नेहमीच्या अंतरावर उभे राहण्यास हरकत नाही. मनुष्याला स्पर्श केल्याने कोणास काही होत नाही. मोबाईल फोन मात्र डाव्या खिशात ठेवू नये. तो यंत्रापासून वीतभर तरी दूर असावा, व उजव्या कानाने बोलावे. चालू इंजिनावर ओणवे होऊ नये. वेल्डिंगच्या कामापासून दूर राहावे. मोठ्या भोंग्यात लोहचुंबक असते, म्हणून त्यास छाती टेकू नये. उपासनेत लाऊडस्पीकर उचलणाऱ्या आमच्या उत्साही तरुणांनी हे वडिलांच्या हाती देऊ नये. रानडुकरांसाठी कुंपणात वीज सोडण्याची जी घातक चाल पडली आहे, ती धडधाकट माणसालाही मारिते. तिच्याविषयी येथे वेगळे काय लिहावे! यंत्राचे कार्ड नेहमी जवळ बाळगावे, आणि कोणत्याही दवाखान्यात गेल्यास, विशेषतः एम.आर.आय. तपासणी करावयाची असल्यास, ते आधी दाखवावे. टाक्याची जागा लाल झाली, सुजली, पू आला, पुन्हा भोवळ आली, किंवा उचकी थांबेनाशी झाली, तर वाट न पाहता डॉक्टरांकडे जावे. आणि भीतीने हात गळ्यात बांधून ठेवू नये, खांदा आखडतो. आमच्या वडिलांनी तेच केले होते. नातू मांडीवर आला तेव्हा तो हात आपोआप सुटला.

खर्चाविषयी दोन शब्द. पुष्कळ गरीब कुटुंबे पैशाच्या धास्तीने रोग्यास घरीच ठेवितात. शासनाच्या महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत हे यंत्र बसविण्याचाही समावेश आहे. शिधापत्रिका व आधार कार्ड घेऊन योजनेतील रुग्णालयात चौकशी करावी. उपदेशकांनी आपल्या वस्तीतील प्रत्येक घराची शिधापत्रिका धड आहे की नाही हे आजच पाहून ठेवावे. रात्री बारा वाजता ती सापडत नाही.

आता त्या पंधरा वर्षांची गोष्ट. नागपूरच्या डॉक्टरांनी वडिलांना सांगितले होते की यंत्रातील बॅटरी साधारण आठ ते बारा वर्षे टिकते. ती क्षीण होऊ लागल्याचे तपासणीत पुष्कळ आधी कळते, आणि मग लहानशी शस्त्रक्रिया करून डबी बदलितात. वडील म्हणाले, "म्हणजे माझे दिवस मोजून दिले." आम्ही म्हणालो, दिवस मोजलेले सर्वांचेच आहेत, तुम्हांला फक्त कोणी तरी आकडा सांगितला, आणि तोही बॅटरीचा, तुमचा नव्हे. परंतु हिज्कीयाला खरोखरच आकडा सांगितला गेला होता. त्याने त्या वर्षांचे काय केले?

येथे वृत्तांत दुःखाचा होतो. राजा बरा झाल्याचे ऐकून बाबेलच्या राजाने पत्रे व भेट देऊन माणसे पाठविली. हिज्कीया हरखून गेला. त्याने त्यांना सोने, रुपे, सुगंधी द्रव्ये, शस्त्रागार सारे दाखविले. दाखविले नाही असे काही ठेविले नाही. ज्याने त्याला उठविले त्याच्याविषयी तो त्या परदेशीयांशी काही बोलल्याचा उल्लेख नाही. पाहुणे आले होते त्याचे बरे होणे पाहावयास. त्याने दाखविले आपले भांडार.

हे वाचिले त्या दिवशी आम्ही पुस्तक मिटून थोडा वेळ थांबलो. कारण गावोगावचे लोक वडिलांकडे येत होते आणि सदरा वर करून यंत्र दाखवा म्हणत होते. पहिल्या दिवसांत ते दाखवीतही असत. आणि आम्ही? येत्या मेळाव्यात त्यांना व्यासपीठावर उभे करावे, लोकांना केवढी साक्ष होईल, असा बेत आम्ही मनात केला होता व दोघा पाळकबंधूंना कळविलाही होता. आम्हांलाही आमचे भांडारच दाखवावयाचे होते. वडील हळूच म्हणाले, "पाळकसाहेब, माझे नाव कोठे सांगू नका." तो बेत आम्ही सोडिला.

ह्याच वाढीव वर्षांत हिज्कीयाला मनश्शे नावाचा पुत्र झाला. बाप वारला तेव्हा तो बारा वर्षांचा होता, ह्यावरून हिशेब करिता येतो. यहूदाच्या राजांत त्याच्याइतका दुष्ट क्वचितच झाला. तर मग ती पंधरा वर्षे मिळालीच नसती तर बरे, असे कोणी म्हणेल. मत्तयाचा पहिला अध्याय काढून पाहा. योसेफाच्या वंशावळीत मनश्शेचे नाव आहे. हिज्कीयाने ती वर्षे कशीही दवडिली, तरी देवाने त्यांतून आपला धागा तुटू दिला नाही. आम्हांस ह्याचे फार आश्चर्य वाटते, आणि ते पूर्ण समजले असे आम्ही म्हणणार नाही.

आपल्याच गडचिरोली जिल्ह्यात खेड्यापाड्यांच्या आरोग्यासाठी झटणारे डॉ. अभय बंग ह्यांना १९९५ साली हृदयविकाराचा झटका आला. त्यांचा रोग निराळ्या जातीचा, रक्तवाहिनीचा होता. आणि ते आपल्या मंडळीचे नव्हेत. परंतु त्यावर त्यांनी लिहिलेले 'माझा साक्षात्कारी हृदयरोग' हे पुस्तक वाचणाऱ्यास दिसेल की एवढ्या जाणत्या वैद्यालाही आपले खाणे, चालणे, धावपळ, मनाची ओढ ह्यांकडे वळून पाहावयास दुखणे यावे लागले. रोमन मंडळीच्या मदर तेरेसा ह्यांना १९८९ साली पेसमेकर बसविण्यात आला. त्यानंतर १९९७ सालच्या सप्टेंबरात त्यांचा अंत होईपर्यंत सुमारे आठ वर्षे गेली, आणि ती त्यांनी बहुतांशी आजाऱ्यांच्या व मरणोन्मुखांच्या सेवेतच घालविली. पंथभेद असो, चांगले ते चांगले म्हणावे.

आमच्या वडिलांचे काम त्यामानाने लहान आहे. ते पूर्वी दर रविवारी दुपारी पायी पलीकडच्या टोलीवर जाऊन चार घरांत शास्त्र वाचीत. अजून ते तितके चालू शकत नाहीत. डिसेंबराच्या मध्यापासून त्यांनी ती चार घरेच आपल्या ओसरीवर बोलाविली आहेत. आशा सेविकाही एकदोनदा येऊन मागे बसून गेली. ती उपदेश ऐकावयास आली होती की नाडी पाहावयास, हे आम्ही विचारिले नाही. नाताळच्या पहाटे उपासनेची घंटा त्यांनी उजव्या हाताने वाजविली. नातू डाव्या बाजूस उभा राहून दोरीचे टोक धरून होता.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात त्यांना यंत्राच्या तपासणीसाठी नागपुरास जावयाचे आहे. आम्ही बरोबर जाणार आहो. एस.टी.चा प्रवास लांबचा आहे, ब्रह्मपुरीस गाडी बदलावी लागते. तरी मंडळ्यांनी त्या प्रवासासाठी, आणि त्या दिवशी तेथे रांगेत बसलेल्या इतर रोग्यांसाठीही, प्रार्थना करावी, अशी विनंती आहे.